घोडा, ड्रेसाज आणि मी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेली काही वर्षं वाचक मला कथांपेक्षा घोड्यांबद्दल जास्त विचारतात. तेच तेच प्रश्न येतात, म्हणून इथे एकत्र उत्तरं देते आहे. सोप्या प्रश्नांपासून सुरुवात आहे, अडचणीचे प्रश्न पुढे आहेत. एखादी गोष्ट दुसऱ्या उत्तरात आली असेल तिथे त्या प्रश्नाचा आकडा दिला आहे.

१. ड्रेसाज म्हणजे नक्की काय? घोड्याला नाचवतात तेच का?

नाही. मूळ फ्रेंच शब्दाचा अर्थ तालीम देणं, वळण लावणं. घोड्याचं शरीर लवचिक, तोलदार आणि मन शांत व्हावं म्हणून वर्षानुवर्षं दिलेली तालीम म्हणजे ड्रेसाज. स्पर्धेत ती तालीम तपासली जाते. ६० मीटर लांब आणि २० मीटर रुंद मैदानात (प्राथमिक पातळीवर ४० बाय २० च्या) स्वार एकटा येतो, मध्यावर थांबून परीक्षकांना अभिवादन करतो आणि ठरलेल्या हालचाली ठरलेल्या जागी करून दाखवतो. प्रत्येक हालचालीला ० ते १० गुण, अर्धा गुणही देता येतो, शेवटी टक्केवारी. ग्रीक सेनानी झेनोफनने २३०० हून अधिक वर्षांपूर्वी अश्वविद्येवर लिहून ठेवलं, त्यात घोड्यावर जबरदस्ती करू नका हे स्पष्ट आहे. मला हा खेळ तिथपासूनचा वाटतो. नाचऱ्या घोडीबद्दल प्रश्न १३ पाहा.

२. ड्रेसाज की ड्रेसेज?

मूळ उच्चाराला ‘ड्रेसाज’ जवळचा. वर्तमानपत्रांत ‘ड्रेसेज’ छापतात. दोन्ही चालतं.

३. लेखिका आणि घोडेस्वारी, हे जमलं कसं? घरी घोडे होते का?

घरी सायकलसुद्धा एकच होती. माझं बालपण मिरजेत गेलं. आमच्या बोळाच्या तोंडाशी एक टांगेवाले काका राहायचे. संध्याकाळी शेवटची गाडी निघून गेली की ते टांगा सोडायचे, घोड्याला खरारा करायचे आणि भिजवलेल्या हरभऱ्याचा तोबरा त्याच्या तोंडाला बांधायचे. तो बांधायचं काम मी मागून घेतलं होतं. कानामागून दोरी नेताना घोडा मान खाली आणायचा, माझी उंची कमी म्हणून. मी सहा वर्षांची असेन. त्याला कुणी ते शिकवलं नव्हतं.

पुढे कॉलेजात एनसीसीच्या घोडदळ तुकडीत दोन वर्षं मिळाली, मग नोकरी, संसार, आणि सोळा वर्षं खोगीर दिसलंही नाही. अडतिसाव्या वर्षी पुण्यात पुन्हा सुरुवात केली. आज एकसष्टावी चालू आहे.

४. स्वार तर काहीच करताना दिसत नाही. सगळं घोडाच करतो. मग अवघड काय?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि याचं उत्तर द्यायला मला सगळ्यात आवडतं. स्वार काहीच करताना दिसू नये, हेच तर साधायचं असतं.

घोड्याच्या अंगावर माशी बसली की नेमकी तेवढीच कातडी थरथरते, हे कुणीही पाहिलं असेल. इतक्या संवेदनशील पाठीवर आपण पन्नास-साठ किलो वजन घेऊन बसतो. आपण डावीकडे पाहिलं की खांदा वळतो, कंबर वळते, एका बाजूला वजन किंचित वाढतं. घोड्याला ते सगळं कळतं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बर्लिनमध्ये हान्स नावाचा घोडा गणितं सोडवायचा, खूर आपटून उत्तर द्यायचा. १९०७ मध्ये ऑस्कर फुंग्स्ट या मानसशास्त्रज्ञाने छडा लावला. प्रश्न विचारणारा घोड्याला दिसत नसेल किंवा त्याला स्वतःलाच उत्तर ठाऊक नसेल, तर हान्स चुकायचा. बरोबर आकडा आला की माणसाचं डोकं नकळत तसूभर हलायचं आणि घोडा तिथे थांबायचा. लोक म्हणाले, घोड्याला गणित येत नाही. मला वाटतं, त्याला माणूस वाचता येत होता, आणि ते कितीतरी मोठं आहे.

माझे गुरुजी सैन्यातून निवृत्त झालेले रिसालदार होते. त्यांनी मला रेवा या घोडीवर बसवलं, तिला लांब दोरीवर स्वतःच्या हातात धरलं, आणि लगाम तोंडातल्या बिटला, म्हणजे लोखंडी कडीला, चामड्याने न जोडता शिवणाच्या रिळातल्या दोऱ्याने जोडला. ओढलं की दोरा तुटणार. म्हणाले, “आता थांबवा तिला.” पहिल्या आठवड्यात दोरा चौदा वेळा तुटला. ते दर वेळी खिशातून रीळ काढायचे, शांतपणे गाठ मारायचे. दुसऱ्या आठवड्यात एका फेरीत मी दमून नुसता लांब श्वास सोडला. पाठ सरळ झाली, मांड्या खोगिराला टेकल्या, हात जिथे होते तिथे राहिले. रेवा थांबली. चारही पाय चौकोनात, एक कान माझ्याकडे वळलेला. दोरा तसाच होता. दोन-तीन क्षण कुणीच काही बोललं नाही, मग तिने नाकातून फुर्रकन हवा सोडली.

या खेळात आपण जितकं कमी करतो तितकं घोडा जास्त ऐकतो. ते ‘कमी’ शिकायला मला सहा वर्षं लागली.

५. मैदानाभोवती अक्षरं असतात ती क्रमाने का नाहीत?

लहान मैदानात ए, के, ई, एच, सी, एम, बी, एफ अशी अक्षरं लागतात. मोठ्यात त्यांच्यामध्ये व्ही, एस, आर, पी येतात, आणि अगदी मध्यावर न लिहिलेला एक्स. हा क्रम कुठून आला याच्या बऱ्याच कथा सांगतात, ठोस पुरावा एकीलाही नाही. पाठ करायचा माझा उपाय असा: गच्चीवर खडूने अक्षरं काढायची आणि पूर्ण परीक्षा आपल्या पायांनी चालायची. ‘सी’पाशी परीक्षक, ‘ए’कडून प्रवेश, एवढं पक्कं धरलं की बाकीचं पाय लक्षात ठेवतात.

६. घोड्याच्या चालींना मराठीत शब्द आहेत का?

आहेत, आणि ते वापरात राहावेत असं मला मनापासून वाटतं. साधी चाल म्हणजे कदम. चार ठोके, प्रत्येक पाय वेगळा टेकतो. दुडकी म्हणजे ट्रॉट. तिरक्या जोडीने पाय पडतात, दोन ठोके. त्यापुढे कँटर, तीन ठोके आणि मग एक क्षण चारही पाय हवेत. याला आम्ही सगळे कँटरच म्हणतो. त्याहून वेगात घोडा चौखूर उधळला की चार ठोके, पण ड्रेसाजमध्ये ते येत नाही. रवाल ही वेगळी मऊ चाल, तिच्याबद्दल प्रश्न १२ मध्ये. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात अश्वाध्यक्षाच्या प्रकरणात स्वारीच्या घोड्याच्या चाली सांगितल्या आहेत: वल्गन, नीचैर्गत, लंघन, धोरण, नारोष्ट्र.

वरच्या पातळीवर याच चालींचे कठीण प्रकार येतात. दुडकी जवळजवळ जागच्या जागी केली की पिआफे. तीच तरंगत, उंच, संथ पुढे नेली की पासाज. कँटर करत स्वतःभोवती फिरणं म्हणजे पिरुएट. ग्राँप्री या सर्वोच्च पातळीवर घोडा किमान आठ वर्षांचा असावा लागतो, इतका वेळ त्याच्या हाडांना आणि स्नायूंना द्यावाच लागतो.

७. माझा घोडा मान झटकतो, अडतो. शिक्षक म्हणतात चाबूक मारा. काय करू?

आधी खाली उतरा.

आपल्याकडचं जुनं कोडं आहे: भाकरी का करपली, पान का सडलं, घोडा का अडला? उत्तर एकच, न फिरवल्यामुळे. ते खरं आहे. चोवीस तास तबेल्यात बांधलेला घोडा अडणारच. पण आणखी कारणं असतात आणि त्यांतली बहुतेक दुखण्याची असतात. खोगीर पाठीला लागतं, तंगाखाली, म्हणजे खोगिराच्या पोटपट्ट्याखाली, फोड येतो, नाल चुकीचा बसतो, दात टोचतात.

हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. एकदा काही महिने रेवा एका तबेल्यात होती. उजवीकडे वळताना ती मान झटकायची, कान मागे टाकायची. तिथल्या शिक्षकांनी सांगितलं, घोडी हट्टी आहे, दाखवा तिला. मी दोन फटके मारले. ती वळली. दुसऱ्या दिवशी जास्तच झटकू लागली. तीन आठवड्यांनी जनावरांच्या डॉक्टरांनी तिचा जबडा उघडून बॅटरीचा उजेड टाकला. घोड्याचे दात आयुष्यभर वर सरकत राहतात आणि चघळताना झिजतात. वरच्या दाढांची बाहेरची कड धारदार होते. रेवाच्या उजव्या गालाला आतून चिंचोक्याएवढी जखम होती, कडा पांढऱ्या पडलेल्या. लगामाचा ताण त्या बाजूला आला की गाल दाढेवर दाबला जायचा. डॉक्टरांनी कानस चालवली, जळक्या शिंगासारखा वास पसरला. दहा दिवस लगाम बंद. अकराव्या दिवशी ती उजवीकडे वळली, मान एकदाही झटकली नाही.

ते दोन फटके माझे आहेत. म्हणून आता क्रम ठरलेला आहे: आधी दात, मग पाठ, मग पाय, मग खोगीर, मग माझी मांड. हे सगळं तपासून झाल्यावरच घोड्याच्या स्वभावाबद्दल बोलायचं. वर्षातून एकदा तरी दात दाखवा.

८. माझं वय ४५ आहे, वजनही जरा जास्त. आता शिकता येईल?

वयाचा प्रश्नच नाही. जपानचे हिरोशी होकेत्सू २०१२ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये ड्रेसाज खेळले तेव्हा ७१ वर्षांचे होते. त्यांचं पहिलं ऑलिम्पिक १९६४ चं.

वजनाचा आहे, पण तो घोड्याच्या बाजूने. स्वार आणि खोगीर मिळून घोड्याच्या वजनाच्या १५ ते २० टक्क्यांच्या आत असावेत. ४५० किलोच्या घोड्याला ८० किलो धकतं, पण लहान तट्टाला नाही. चांगला शिक्षक तुम्हाला तुमचं वजन विचारेल. विचारलं नाही तर तुम्हीच सांगा. पाठीचं किंवा गुडघ्याचं दुखणं असेल तर आधी आपल्या डॉक्टरांना विचारा. हेल्मेटला पर्याय नाही. आंतरराष्ट्रीय ड्रेसाजमध्येही उंच टोपी जाऊन २०२१ पासून हेल्मेट सक्तीचं झालं आहे.

९. यात स्त्रिया आणि पुरुष एकत्र खेळतात हे खरं का?

खरं आहे, एकाच गटात, एकाच पदकासाठी. पण पूर्वी ऑलिम्पिकमध्ये फक्त लष्करी अधिकाऱ्यांना प्रवेश होता. १९४८ मध्ये स्वीडनच्या संघाने सुवर्ण जिंकलं, आणि पुढच्या वर्षी ते काढून घेतलं गेलं, कारण त्यांचा एक स्वार, गेनाल पेर्सन, प्रत्यक्षात अधिकारी नव्हता. स्पर्धेपुरती बढती देऊन नंतर त्याला पुन्हा खालच्या हुद्द्यावर आणलं होतं. १९५२ ला हेलसिंकीत दार उघडलं, बिगरअधिकाऱ्यांना आणि स्त्रियांनाही. पेर्सनच्या संघाने पुन्हा सुवर्ण घेतलं.

आणि त्याच स्पर्धेत डेन्मार्कच्या लिस हार्टेलने रौप्य जिंकलं. १९४४ मध्ये तिला पोलिओ झाला होता, गुडघ्यांखालचे पाय निकामी होते. घोड्यावर चढायला आणि उतरायला मदत लागायची. टाचेचा इशारा तिला देताच येत नव्हता. ती ज्युबिली या घोडीशी पाठीने आणि वजनाने बोलायची. प्रश्न ४ मध्ये मी जे सांगायचा प्रयत्न केला, ते तिने ऑलिम्पिकच्या मैदानात करून दाखवलं. १९५६ मध्ये तिने पुन्हा रौप्य घेतलं.

१०. भारतीय या खेळात कुठे आहेत?

२६ सप्टेंबर २०२३ ला हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत भारतीय संघाने ड्रेसाजचं सांघिक सुवर्ण जिंकलं. सुदीप्ती हजेला, दिव्यकृती सिंग, मुंबईचा हृदय छेडा आणि अनुष अगरवाला. चौघांतल्या सर्वोत्तम तिघांचे गुण धरतात: २०९.२०५. यजमान चीन २०४.८८२ वर राहिला. अश्वारोहणात भारताला सुवर्ण मिळालं ते १९८२ च्या दिल्लीनंतर ४१ वर्षांनी. अनुषने वैयक्तिक कांस्यही मिळवलं आणि २०२४ ला पॅरिसमध्ये ऑलिम्पिक ड्रेसाजमध्ये उतरलेला तो पहिला भारतीय ठरला. त्या दुपारी मी टीव्हीसमोर उभीच होते, बसवेना.

११. मग हे सगळे युरोपातल्या घोड्यांवर का खेळतात? आपले घोडे का नेत नाहीत?

मुख्य अडचण रोगांची. ग्लँडर्स हा घोड्यांचा जिवाणूजन्य रोग माणसालाही होऊ शकतो, आणि तो आपल्याकडे अजून आढळतो. त्यामुळे भारतातून घोडा युरोपात नेणं जवळपास अशक्य होतं. घोडा जिथे स्पर्धा आहेत तिथेच असावा लागतो, म्हणून स्वारच तिकडे जाऊन राहतात. २०२५ मध्ये मेरठच्या लष्करी पशुवैद्यकीय केंद्राला रोगमुक्त विभाग म्हणून आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली आहे. ही वाट रुंद व्हावी अशी माझी फार इच्छा आहे.

१२. भीमथडी किंवा मारवाडी घोड्यावर ड्रेसाज जमेल का?

प्राथमिक पातळी नक्की जमेल. नियमांत जातीची अट नाही. वरच्या पातळीवर मात्र हॅनोव्हेरियन, ओल्डेनबर्ग, डच वॉर्मब्लड या युरोपीय जाती दिसतात, कारण पिढ्यान्‌पिढ्या त्यांची पैदासच उसळत्या, मोठ्या दुडकीसाठी झाली आहे. मारवाडी आणि काठेवाडी घोड्यांत रवालीची चाल मुरलेली असते. स्वाराला ती पाळण्यासारखी सुखाची, पण तिरक्या जोडीची दुडकी बिघडली की परीक्षक गुण कापतात. हा घोड्याचा दोष नाही, मोजपट्टी वेगळी आहे.

भीमथडीला अलीकडे स्वतंत्र जात म्हणून नोंद मिळाली. धनगरांच्या कळपांबरोबर शेकडो मैल चालणारं हे तट्टू काटक आणि समजूतदार असतं. लहान मुलांना शिकवायला मला त्याच्याइतकं योग्य दुसरं जनावर दिसत नाही.

आणि रिंगण बघा. माउलींच्या पालखीसोबत अंकलीहून शितोळे सरकारांचे अश्व येतात. लाखोंच्या गर्दीत, टाळमृदंगाच्या गजरात माउलींचा अश्व गोल धावतो, पाठीवर स्वार नाही. त्याची चाल बघायला मी चार वेळा गेले आहे.

१३. लग्नातली नाचरी घोडी हे आपलं ड्रेसाजच नाही का?

पाय उचलण्यात साम्य दिसतं, पिआफेची आठवण होते हेही खरं. पण कसं शिकवलंय ते बघा. घोडी ढोलाच्या आवाजाने किंवा छडीच्या भीतीने पाय उचलत असेल तर पाठ खोलगट होते, मान वर ताणते, डोळ्यांचा पांढरा भाग दिसतो. तालमीतल्या पिआफेत पाठ वर येते, मागचे पाय पोटाखाली येतात, डोळा मऊ असतो. सारंगखेड्याच्या यात्रेत मी दोन्ही प्रकार पाहिले आहेत. मालकाने हात लावताच मान खांद्यावर टाकणारी घोडीही तिथेच पाहिली. नाव काहीही द्या, घोडीचा डोळा बघून ठरवा.

१४. कुठे शिकावं? शिकवणारे चांगले हे कसं ओळखायचं?

मुंबईत महालक्ष्मीला अमॅच्युअर रायडर्स क्लब १९४२ पासून आहे, पुण्यातही सोयी आहेत. शुल्क बदलत राहतं, ते त्या त्या ठिकाणीच विचारा.

पैसे भरण्याआधी तासभर नुसतं बघा. पाण्याच्या बादल्या भरलेल्या आहेत का? घोड्यांच्या ओठांच्या कोपऱ्यांत जखमा? खोगीर काढल्यावर पाठीवर पांढऱ्या केसांचे जुने डाग? मोतद्दार, म्हणजे घोड्यांची निगा राखणारे, घोड्याशी कसं बोलतात? खरारा करताना घोडा चावायला धावतो की डोळे मिटतो? शिक्षक पहिल्याच दिवशी हातात लगाम देत असतील तर मी तरी परत फिरेन. व्हिएन्नाच्या स्पॅनिश रायडिंग स्कूलमध्ये आजही नवे विद्यार्थी दीर्घकाळ लांब दोरीवर, लगामाशिवाय आणि रिकिबीशिवाय बसतात. आधी मांड, मग हात.

१५. स्वतःचा घोडा घ्यावा का?

पहिली तीन वर्षं नको. घोडा रोज २५ ते ४० लिटर पाणी पितो, उन्हाळ्यात जास्त. चारा थोडा थोडा दिवसभर लागतो. त्याला उलटी होत नाही, त्यामुळे चुकीचं खाणं पोटशूळावर जातं आणि तो काही तासांत जिवावर बेतू शकतो. दर सहा ते आठ आठवड्यांनी नालबंद हवा. आयुष्य पंचवीस-तीस वर्षांचं.

शर्यतीतून निवृत्त झालेला घोडा स्वस्तात मिळतोय, असं बरेच जण कळवतात. रेवा तशीच आली. अशा घोड्याला लगाम ताणला म्हणजे ‘आणखी जोरात’ असंच कळतं, कारण आयुष्यभर त्याने तेच शिकलेलं असतं. ते विसरायला रेवाला दीड वर्ष लागलं. अनुभवी माणूस सोबत नसेल तर हा व्यवहार करू नका.

१६. घोड्याच्या पाठीवर बसणं हाच मुळात अन्याय नाही का?

हा प्रश्न मला मोलाचा वाटतो. २०२४ मध्ये पॅरिसच्या तोंडावर एका नामवंत स्वाराने घोड्याच्या पायांवर वारंवार चाबूक मारल्याचं चित्रण बाहेर आलं आणि सगळा खेळ हादरला. घोड्याची मान ओढून हनुवटी छातीला लावण्याची पद्धतही वर्षानुवर्षं वादात आहे. हे घडतं. पदकासाठी घडतं. त्यावर पांघरूण घालणारा घोड्यावर प्रेम करतो असं मी मानत नाही.

तुम्ही प्रेक्षक असाल तर तीन गोष्टी बघा. नाक कपाळातून सरळ खाली सोडलेल्या उभ्या रेषेच्या किंचित पुढे आहे का, शेपटी मोकळी डोलते की सतत फटकारते, आणि तोंड शांत आहे का. तोंडातून किंवा अंगातून रक्त दिसलं तर नियमाने स्वार बाद होतो. बसणंच चूक असं ज्यांना वाटतं त्यांच्याशी मी वाद घालत नाही. मी रोज सकाळी तबेल्याचं दार उघडून बाजूला उभी राहते. ज्या दिवशी रेवा पाठ फिरवायची, त्या दिवशी खोगीर खुंटीवरच राहायचं. वर्षातून असे दहा-बारा दिवस असायचे.

१७. लिखाणाला याचा काही उपयोग झाला का?

झाला. घोड्याला स्पष्टीकरण देता येत नाही. इशारा नीट नसेल तर पुन्हा, अधिक स्वच्छ, द्यावा लागतो. सकाळी तबेल्यातून परतल्यावर मी लिहायला बसते आणि आदल्या दिवशीच्या पानांतली समजावून सांगणारी वाक्यं काढते.

१८. घोडा म्हातारा झाला, आता स्वारी होत नाही. विकावा का?

विकलेला म्हातारा घोडा बहुधा वरातीत किंवा भाड्याच्या गाडीला जातो. ज्याने पाठ दिली त्याला तिथे पाठवू नका, एवढंच मी म्हणेन. खर्च झेपत नसेल तर ओळखीच्या शेतावर, अटी लिहून घेऊन ठेवा आणि महिन्यातून एकदा स्वतः जाऊन बघा. असह्य दुखणं असेल तर डॉक्टरांच्या हातून शांत मरण देणं यात पाप नाही.

रेवा आता चोवीस वर्षांची आहे. एकोणिसाव्या वर्षी तिची स्वारी थांबवली. दाढा झिजल्यामुळे कडबा चावता येत नाही, म्हणून लसूणघास बारीक कापून देतो आणि चंदी तीन तास भिजवून मऊ करतो. सकाळी उतार नसलेल्या वाटेने वीस मिनिटं हातात धरून फिरवते. पावसाळ्यात मागच्या उजव्या पायाचा सांधा धरतो, त्या दिवशी दहाच मिनिटं. बाकी दिवसभर ती आंब्याखाली मोकळी असते. रात्री नऊचा शेवटचा तोबरा मी स्वतः बांधते.